विश्लेषण : नवी गाडी वर्षाच्या आतच खडखडू लागली, तर खर्च कुणाचा?

लहान मोटारींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. दसरा-दिवाळीच्या तोंडावर किमती उतरल्याने घरातली पहिली गाडी घेण्याचा मुहूर्त अनेकांनी साधला. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतीबरोबर रस्तेही उखडले. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावात या दोन्ही गोष्टी एकाच गाडीच्या वाट्याला येतात. नृसिंह मंदिरात पूजा करून आणलेली नवी गाडी दुसऱ्या दिवसापासून शेत, दवाखाना, बाजार आणि परभणी-गंगाखेडच्या फेऱ्यांना जुंपली जाते. काही महिन्यांतच पुढच्या चाकाकडून ‘खट-खट’ येते, क्लच जड होतो, टायर आतल्या बाजूने झिजतो. सर्व्हिस सेंटरवर उत्तर मिळते, ‘हे वॉरंटीत बसत नाही.’ हे उत्तर कधी बरोबर असते, कधी नसते आणि ग्राहकाच्या हातात नेमके काय असते?

नवी गाडी इतक्या लवकर का कुरकुरते?

कोणत्याही यंत्राच्या बिघाडाचा आलेख काढला तर तो आंघोळीच्या टबसारखा दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ कमी आणि शेवटी पुन्हा जास्त. अभियांत्रिकीत त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात. सुरुवातीचे बिघाड जुनेपणामुळे येत नाहीत. एखादा सुटा भाग सदोष निघतो, जोडणीत बोल्ट नीट आवळलेला नसतो किंवा सेन्सरची वायर सैल राहते. वॉरंटी मुख्यतः याच टप्प्यासाठी असते.

मात्र पहिल्या वर्षात दिसणारी प्रत्येक तक्रार या प्रकारातली नसते. तिचे तीन कप्पे करता येतात. पहिला, निर्मितीदोष, म्हणजे कारखान्यातूनच आलेली खोट. दुसरा, नैसर्गिक झीज. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे रबर हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. तिसरा, वापर किंवा रस्त्यामुळे झालेले नुकसान. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, पाण्यात घातल्याने बंद पडलेले इंजिन ही त्याची उदाहरणे. पहिल्या कप्प्याचा खर्च कंपनीचा, दुसऱ्याचा ग्राहकाचा आणि तिसऱ्याचा ग्राहकाचा किंवा विमा कंपनीचा. बहुतेक वाद आवाज कोणत्या कप्प्यातला, यावरच होतात.

काळ्या मातीचा काय संबंध?

परभणी परिसरातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी थोडा वर उचलला जातो आणि खाली बसतो. खालचा मुरमाचा भराव पुरेसा नसेल तर डांबर लाटांसारखे होते, कडा तुटतात. अशा रस्त्यावर गाडीची चाके सतत वेगवेगळ्या उंचीवर जातात आणि त्याचा मार सस्पेन्शनमधल्या रबरी बुशांवर, लिंक रॉडवर आणि स्ट्रटच्या माउंटिंगवर बसतो. ‘खट-खट’ आवाज बहुधा येथूनच येतो.

एक जोरदार खड्डा चाकांचे अलाइनमेंट बिघडवायला पुरेसा असतो. त्यानंतर टायर एका कडेने झिजू लागतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये निकामी होतो. तो टायर सदोष असतोच असे नाही. वेळेत अलाइनमेंट झाले नाही, हेच बहुधा कारण असते.

धुळीचाही वाटा आहे. कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. बहुतेक ओनर्स मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी सर्व्हिसचे अंतर कमी दिलेले असते. ते पान फारसे कुणी उघडत नाही. पांदण रस्त्यावर, चिखलात किंवा जादा ओझे घेऊन हाफ क्लचवर गाडी रेटली की क्लच प्लेट जळते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा ‘डीपीएफ’ फिल्टर असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग चालावी लागते. फक्त गावातल्या गावात छोट्या फेऱ्या झाल्या तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हा दिवा लागला म्हणून गाडी खराब ठरत नाही, पण त्याकडे दुर्लक्ष केले तर खर्च मोठा येतो.

वॉरंटीत काय बसते, काय नाही?

इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, वायरिंग, एसी आणि सेन्सर यांतले निर्मितीदोष साधारणपणे वॉरंटीत येतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, बल्ब, वायपर आणि ऑइल सहसा येत नाहीत. रबरी बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्याबाबत कंपनीनिहाय फरक असतो. काही ठिकाणी त्यांना कमी मुदतीची वेगळी वॉरंटी असते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या उत्पादकाची असते, गाडीच्या कंपनीची नाही.

मुदत ‘इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, यांपैकी जे आधी’ अशी असते. रोज ४० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी फिरली तर वर्षाचे १२ हजार किलोमीटर होतात. अशा गाडीची ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी वर्षांवर संपते. तीच गाडी रोज १५० किलोमीटर धावली तर वर्षाला ४५ हजार होतात आणि १ लाखाचा आकडा सव्वादोन वर्षांतच ओलांडला जातो. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार वॉरंटीत बदललेल्या भागाला नवी मुदत मिळत नाही. मूळ वॉरंटी संपली की त्याचीही संपते.

पुराच्या पाण्याचा मामला वेगळा आहे. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान वॉरंटीत येत नाही. नेहमीच्या विम्यातही ते अनेकदा नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला तर तोच दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकतो.

गावातल्या मेकॅनिककडून काम केले तर वॉरंटी जाते का?

कंपनीचे सर्व्हिस सेंटर गावात नसते. तिथे जायचे म्हणजे एक दिवस आणि एक मजुरी बुडते. त्यामुळे किरकोळ काम फाट्यावरच्या गॅरेजमध्ये करून घेण्याकडे कल असतो. अशा वेळी ‘बाहेर हात लावला, आता वॉरंटी संपली’ असे सरसकट सांगितले जाते.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात या सरसकटपणालाच हरकत घेतली होती. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची अट नको, बाहेरच्या सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, अशी त्यातील भूमिका होती. पुढे या प्रकरणात अपिले झाली. तरी तर्क सरळ आहे. बाहेर पंक्चर काढले किंवा वायपर बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाण्याचे कारण नाही. मात्र बाहेरून वायर कापून म्युझिक सिस्टीम किंवा जादा दिवे बसवले आणि पुढे वायरिंग जळाले, तर कंपनीच्या नकाराला आधार मिळतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केले असून त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्ती आणि वॉरंटीची माहिती मिळते.

जॉब कार्ड इतके महत्त्वाचे का?

तक्रार पहिल्यांदा कधी झाली आणि किती वेळा झाली, हे दाखवणारा मुख्य कागद म्हणजे जॉब कार्ड. प्रत्यक्षात काय होते? ग्राहक तोंडी सांगतो, ‘पुढून आवाज येतो.’ सल्लागार जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहितो. दुपारी ‘बघितलंय, आता ठीक आहे’ असे सांगून गाडी परत दिली जाते. वर्षभरात चार फेऱ्या होतात, पण कागदावर आवाजाचा उल्लेख एकदाही नसतो. वॉरंटी संपल्यावर तोच भाग तुटतो, तेव्हा तक्रार जुनी आहे हे सिद्ध करायला काहीच हाती राहत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी जॉब कार्डवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहून घेणे गरजेचे आहे : कोणत्या बाजूने आवाज, किती वेगाला, इंजिन गार असताना की गरम झाल्यावर, किती किलोमीटरपासून. आवाज सर्व्हिस सेंटरच्या आवारात येत नसेल तर मेकॅनिकला सोबत घेऊन रस्त्यावर चाचणी करावी आणि तसा शेरा मागावा. तारीख दिसेल असा मोबाइलवरचा व्हिडिओ ठेवावा. वॉरंटी नाकारली तर नकार कारणासह लेखी किंवा ई-मेलवर मागावा. नकार लेखी असला तरच त्याला आव्हान देणे सोपे जाते.

पूर्ण गाडी बदलून मिळते का?

फार क्वचित. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगशी संबंधित एका प्रकरणात गाडीच बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असते, अख्खी गाडी बदलण्याचे नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि ग्राहकाला ५० हजार रुपये देण्यास सांगितले.

दोष सुरक्षेशी निगडित आणि उघड असेल तर चित्र बदलते. २०१५ मध्ये घेतलेल्या ह्युंदाई क्रेटाला २०१७ मध्ये अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. धडकेचा वेग आणि बल यांचे गणित ग्राहकाने मांडावे, अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्याचा आशय होता.

तिसरे प्रकरण गोव्यातले. २०११ चे मॉडेल म्हणून पैसे घेऊन २००९ ची, आधीच ६२२ किलोमीटर चाललेली गाडी ग्राहकाला दिली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी टाटा मोटर्सला नव्हे, तर विक्रेत्याला जबाबदार धरले, कारण कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार स्वतंत्र होता. म्हणजे निर्मितीदोष असेल तर उत्पादक आणि विक्रीतली लबाडी असेल तर विक्रेता. सुरुवातीला चूक कुणाची हे कळत नसल्याने तक्रारीत दोघांनाही प्रतिवादी करणे शहाणपणाचे.

तक्रार कुठे आणि किती खर्चात?

पहिली पायरी कंपनीला ई-मेल आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडी नांदेडमधून किंवा छत्रपती संभाजीनगरमधून घेतली असली तरी पोखर्णीच्या ग्राहकाला परभणीच्या आयोगात दाद मागता येते.

मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनावर ती निघून जाऊ शकते.

तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. अशी प्रकरणे शक्यतो ५ महिन्यांत आणि तपासणी लागत नसेल ती ३ महिन्यांत निकाली काढावीत, असे कायदा सांगतो. व्यवहारात वेळ जास्त लागतो, हे गृहीत धरावे. गाडी व्यावसायिक कारणासाठी घेतली असेल तर हा कायदा सहसा लागू होत नाही; पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली टॅक्सी त्याला अपवाद आहे. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने फिरवली तर मात्र वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येतात.

दोष सगळ्याच गाड्यांत असेल तर?

एकाच मॉडेलमध्ये सुरक्षेचा दोष वारंवार आढळला तर ‘रिकॉल’ होतो आणि दुरुस्ती मोफत करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ७ वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी ठरावीक संख्येने तक्रारी आल्यास केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. वाहनमालकांना आपली तक्रार सरकारी पोर्टलवर नोंदवता येते. चेसिस क्रमांक टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का, हे अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तपासता येते.

गेल्या दसरा-दिवाळीत गाडी घेतलेल्यांपुढे आज दोन तारखा आहेत, वॉरंटी संपण्याची आणि २ वर्षांची मुदत संपण्याची. झीज कुणालाच टाळता येत नाही आणि रस्ता ग्राहकाच्या हातात नाही. पण पहिल्या ‘खट-खट’ची नोंद तारखेसह आणि किलोमीटरसह कागदावर आली, तर खर्च कुणाचा या प्रश्नाचे उत्तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एकतर्फी ठरत नाही.