दादांनी मोडता घातलेले लग्न

‘संगीत सौभद्र’मधल्या प्रेमाला ना कुळ आड येते, ना नाते. अर्जुन हा सुभद्रेचा आतेभाऊ, आणि आते-मामे भावंडांचे लग्न मराठी प्रेक्षकाला परके नव्हते. आड येतो तो थोरल्या भावाचा शब्द. बलरामाने बहीण दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे, आणि द्वारकेत दादांपुढे बोलायची कोणाची छाती नाही. एवढ्या अडथळ्यावर अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाच अंकी नाटक उभे केले. त्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाले. पूर्ण नाटक पुढच्या वर्षी आले.

महाभारताच्या आदिपर्वात सुभद्रेला मत विचारले जात नाही. अर्जुन तिला रैवतकाच्या उत्सवात पाहतो आणि कृष्ण हरणाचा सल्ला देतो, कारण स्वयंवरात मुलगी कोणाला माळ घालील याचा नेम नाही! दुर्योधनाचे स्थळ आणि अर्जुनाचे त्रिदंडी संन्याशाचे सोंग भागवतात आहे. किर्लोस्करांनी कथेचा हा धागा उचलला, त्यात घटोत्कच आणला आणि सुभद्रेला आधीपासूनच अर्जुनावर जीव जडलेली नायिका केले. मुलींची लग्ने कळत्या वयाआधी उरकणाऱ्या समाजासमोर ही उपवर मुलगी घरच्यांनी ठरवलेले स्थळ नाकारत होती.

तेही गाऊन. विष्णुदास भाव्यांच्या खेळांत पात्रांच्या वतीने सूत्रधार गात असे. किर्लोस्करांनी पद ज्याचे त्याच्या तोंडी दिले. त्यामुळे सुभद्रेचा त्रागा तिचाच राहिला, जरी ती भूमिका भाऊराव कोल्हटकरांची होती. शंभराहून अधिक पदांत साकी, दिंडी, लावणी अशा ओळखीच्या चाली आहेत. त्यांतली बरीचशी पदे संवादच आहेत, थांबून ऐकायची गाणी नव्हेत.

विनोदाची मेख बलरामाच्या भाबडेपणात आहे. जो जावई नको, त्यालाच यतिमहाराज समजून तो घरी आणतो आणि सेवेला बहीण देतो. कृष्ण भावाला उघड विरोध न करता सगळी सूत्रे हलवतो. दोघांपैकी कोणीही खलनायक नाही, म्हणून बलरामाचा राग निवळल्यावर शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही.

पुढे गवयी नटांनी पदे आळवून लांबवली. मैफल रंगली, नाटक मागे पडले. आजच्या आटोपशीर प्रयोगांत पदे गाळावीच लागतात. पण कात्री साक्या-दिंड्यांवर चालवून फक्त लोकप्रिय पदे राखली, तर सुभद्रेचे म्हणणे अर्धवट ऐकू येते.