फोटोग्राफर होता, मार्शल नव्हता

जानेवारीत पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली आणि आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये अचानक सायकली वाढल्या. ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय रेस आपल्याच रस्त्यांवरून गेली म्हटल्यावर कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. आम्हा चौघांनाही ती हवा लागली. रोड बाइक आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. होत्या त्या जाड टायरच्या एमटीबी, त्यातही एक मित्राच्या भावाकडून मागून आणलेली. मग मुळशी तालुक्यातल्या एका हौशी क्रॉस-कंट्री रेसची पोस्ट दिसली. टी-शर्ट, मेडल, नाश्ता, फोटो फ्री. दहा मिनिटांत चौघांनी पैसे भरले.

रेसच्या दिवशी सकाळी काउंटरवर बिब नंबर मिळाला आणि सोबत एक छापील कागद. ‘सही कुठे करायची?’ एवढा एकच प्रश्न आम्ही विचारला. कागदावर काय लिहिलंय ते चौघांपैकी एकानेही वाचलं नाही. मी पत्रकारिता शिकतो, तरीही नाही.

खरं सांगायचं तर पहिला दीड तास भारी होता. २४ किलोमीटरचा एकच मोठा लूप. आधी बैलगाडीचा रस्ता, मग पायवाट, मग असा चढ की निम्मे लोक सायकल ढकलत होते. मागून येणारा अनोळखी माणूस ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणायचा, आणि ते कधीच थोडं नसायचं. बाभळीच्या काट्याने एकाचं चाक बसलं तेव्हा चौघंही थांबलो. ट्यूब बदलेपर्यंत सगळे पुढे गेले. आम्ही शेवटचे उरलो, पण हसत होतो.

पुढच्या उतारावर माझा रूममेट पडला. तिथे कडक जमिनीवर सुटा मुरूम पसरला होता, फरशीवर चणे सांडावेत तसा. त्याने घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि तो थेट खांद्यावर आला. कॉलरबोन मोडलंय हे आम्हालाही बघून कळत होतं.

बिबवर छापलेला इमर्जन्सी नंबर लावला. रेंज नव्हती. सर्वात आधी धावत आला तो खाली ओढ्याजवळ बसलेला फोटोग्राफर. पाणी उडतानाचे फोटो छान येतात म्हणून त्याला तिथे बसवलं होतं. बिचाऱ्याने होईल ती मदत केली, पण त्याच्याकडे ना वॉकीटॉकी होता ना प्रथमोपचाराची पेटी. त्या अख्ख्या उतारावर मार्शल एकही नव्हता. शेवटी गुरं घेऊन चाललेले एक काका थांबले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी हात गळ्यात बांधून दिला आणि म्हणाले, ‘हात हलू देऊ नका पोरांनो, सावकाश चला.’ मुख्य रस्त्यावर पोचायला आम्हाला सव्वा तास लागला. अँब्युलन्स होती, नव्हती असं नाही. ती स्टार्ट लाइनवर उभी होती आणि त्या पायवाटेवर येऊच शकत नव्हती.

ऑपरेशन झालं, प्लेट बसली. बिलासाठी त्याच्या वडिलांनी सांगलीत पतसंस्थेतून कर्ज काढलं. फोनवर ते एकच वाक्य बोलले, ‘पैसे भरून हाड मोडून घेतलंस होय?’ आयोजकांकडे खर्चाबद्दल विचारलं, तर त्यांनी आमच्या सहीचा फोटो पाठवला.

दिसतं तिथे पैसा

पडणं हा या खेळाचा भागच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पडल्यानंतरच्या सव्वा तासाचा आहे.

ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री रेस होते. ती एका मोठ्या लूपवर होत नाही. साधारण ४ ते ६ किलोमीटरचा ट्रॅक असतो आणि त्याच्याच फेऱ्या मारायच्या असतात. प्रेक्षकांना खेळाडू पुन्हा पुन्हा दिसतात, हा एक फायदा. दुसरा फायदा आम्हाला पडल्यावर समजला. छोट्या ट्रॅकवर कुठेही पडलात तरी मदत जवळ असते. तेच मार्शल प्रत्येक फेरीला तुम्हाला बघतात, एखादा आला नाही तर लगेच लक्षात येतं. सहा किलोमीटरच्या चार फेऱ्या म्हणजे तेच २४ किलोमीटर, पण सांभाळायला सहाच.

मग हौशी रेसवाले मोठा लूप का आखतात? कारण स्ट्राव्हावर तो झकास दिसतो. पोस्टमध्ये टी-शर्ट दिसतो, मेडल दिसतं, ड्रोनचा व्हिडिओ दिसतो. झुडपाजवळ शिट्टी घेऊन बसलेला मार्शल कुठल्याच रीलमध्ये येत नाही. एंट्री फी मोजकी असते आणि जे दिसतं त्यावर ती खर्च होते. यात दोष फक्त आयोजकांचा नाही. आम्हीही रेस निवडली ती टी-शर्टचं डिझाइन बघूनच.

बंदी आली तर?

ही किरकोळ गोष्ट वाटत असेल तर २०२१ मधली चीनच्या गान्सू प्रांतातली घटना आठवा. १०० किलोमीटरच्या डोंगरी मॅरेथॉनमध्ये अचानक हवामान बिघडलं आणि थंडी-पावसात २१ धावपटू गेले. जिथे बहुतेक जण अडकले, तिथे गाडी पोचत नव्हती. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन वाचवलं. वाचताना मला पंचावाले काका आठवले. त्यानंतर चीन सरकारने अशा धोक्याच्या स्पर्धा सरसकट थांबवल्या. जे नीट काम करत होते तेही त्यात अडकले.

आपल्याकडे राज्य सरकारने २०२१ मध्येच साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण आयोजकांची कुठे नोंदणी आहे का, हे आम्ही चौघांनी विचारलंच नव्हतं. सहीचंही तसंच. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेतलं की आयोजकांचा निष्काळजीपणा आपोआप माफ होतो, असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आहे, आणि फी भरून सेवा घेणारा त्या कायद्याच्या भाषेत ग्राहक असतो. अर्थात तिथपर्यंत जायला वेळ आणि पैसा लागतो. सेकंड इयरच्या पोराकडे दोन्ही नसतं.

यावर एक आयोजक मला म्हणाले, ‘सगळं करायचं तर फी दुप्पट होईल, मग येणार कोण?’ त्यांचा मुद्दा खोटा नाही. दोनशे नियम लावले तर छोट्या रेस बंद पडतील आणि उरतील त्या फक्त महागड्या. पण ट्रॅक छोटा करायला पैसे लागत नाहीत. उलट वाचतात. मार्शल म्हणून गावातली पोरं आणि जवळच्या कॉलेजचे एनएसएसवाले उभे राहू शकतात. वॉकीटॉकी भाड्याने मिळतात. मेडल थोडं हलकं केलं तरी चालेल की.

पैसे भरण्याआधी

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पैसे भरण्याआधी एक फोन करा आणि हे पाच प्रश्न विचारा.

१. ट्रॅक केवढा आहे? फेऱ्या आहेत की एकच लूप?
२. मार्शल किती आणि कुठे उभे असणार? उतारांवर आहेत का?
३. रेंज नसेल तिथे निरोप कसा पोचणार?
४. जिथे अँब्युलन्स जात नाही तिथून जखमीला कसं आणणार?
५. फीमध्ये अपघात विमा आहे का? असेल तर त्याची प्रत मिळेल का?

उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

परवा रूममेट स्लिंगमधला हात सांभाळत चहा पीत होता. मध्येच म्हणाला, ‘पावसाळ्यानंतर एक रेस आहे म्हणे.’ मी मोबाइल काढला. त्याला वाटलं मी फॉर्म भरतोय. मी नंबर शोधत होतो.