मनालीला निघालात? चेन घ्या!

‘चल बे, गाडीनेच मनाली!’ डिसेंबर आला की कॉलेजच्या ग्रुपवर हे प्लॅन शिजतात. मग वाद होतो: विंटर टायर घ्यायचे की स्नो चेन? माझं मत, चेनच. विंटर टायरचं रबर 7 अंशांखालच्या थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. सोलापूरच्या उन्हात ते भराभर झिजणार. चार दिवसांच्या बर्फासाठी चार टायर कशाला? चेन इंजिनची ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायची, वेग 40च्या आत ठेवायचा, बर्फ संपला की काढायची. फक्त ती लावायचा सराव इथंच, पार्किंगमध्ये करा. आणि अटल बोगद्याकडे बर्फ पडतच असेल, तर सरळ तिथली टॅक्सी करा. रील मागच्या सीटवरूनही काढता येतं!