बाहेर मागितलेला न्याय घरातही हवा

हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारताने आजवर घेतलेली भूमिका मूलतः न्याय्य आहे, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिका यांच्यामागोमाग आपला क्रमांक लागतो, याचा डांगोरा श्रीमंत राष्ट्रे पिटत असतात. परंतु कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड दरडोई मोजला, तर भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २ टन येतात आणि अमेरिकन माणसाच्या वाट्याला सुमारे १४ टन. औद्योगिक क्रांतीपासून झालेल्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला, तर जवळजवळ चतुर्थांश भार एकट्या अमेरिकेकडे जातो. १९९२ साली रिओ येथे जगाने सामाईक परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व मान्य केले, ते याच कारणाने.

त्या तत्त्वाचे पुढे काय झाले, हेही आपण पाहिले. दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे २००९ मधील कोपनहेगनचे अभिवचन २०२० पर्यंत पुरे व्हावयाचे होते. ते २०२२ साली प्रथम पुरे झाले आणि तेही मोठ्या अंशी कर्जाच्या रूपाने. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरांचा आकडा ठरविण्यात आला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी तो भर सभेत अमान्य केला. त्यांनी योग्य तेच केले. अमेरिकेने तर २०२५ च्या जानेवारीत पॅरिस करारातून माघारच जाहीर केली.

तथापि आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. दरडोई न्यायाचे जे तत्त्व आपण परराष्ट्रांपुढे मांडतो, ते देशाच्या सीमेच्या आत येताच लागू होईनासे का होते? २ टनांच्या सरासरीत मुंबईच्या मनोऱ्यातील वातानुकूलित घरांचा धनी बसतो, आणि झारखंडात सायकलवर कोळशाची पोती लादून मैलोन् मैल ती ढकलीत नेणारा माणूसही बसतो. वाटाघाटीत या दुसऱ्याच्या दारिद्र्याचा दाखला दिला जातो. त्यातून मिळालेल्या सवलतीचा लाभ मात्र पहिल्याला होतो.

एक उदाहरण घेऊ. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारणे हा त्याचा घोषित हेतू होता. २०१६ पर्यंत हा उपकर ४०० रुपयांवर गेला. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी त्या निधीकडे वळते झाले ते जेमतेम ३० हजार कोटी. २०१७ पासून हा पैसा वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी राज्यांकडे जाऊ लागला. २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकरही रद्द झाला आणि कोळशावरील कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. विजेच्या देयकातून हा बोजा अखेर ग्राहकानेच उचलला. ज्या जिल्ह्यांनी धूळ खाल्ली, जमिनी दिल्या, त्यांच्या भविष्यासाठी मात्र यातून हक्काची तरतूद झाली नाही.

आमच्यातील काही मित्र म्हणतात की, घरातील विषमता अशी वेशीवर टांगली तर परिषदांमध्ये देशाची बाजू लंगडी पडेल. आमचे मत उलट आहे. बाकूत अनुदान मागणाऱ्या देशाला, तुम्ही स्वतः गोळा केलेल्या पैशाचे काय केले, असे विचारले गेले, तर उत्तर देता आले पाहिजे.

कोळसा उद्याच बंद करा, असेही आम्ही म्हणत नाही. विजेच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग २०२५ साली बिगर-जीवाश्म साधनांचा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा आजही दोनतृतीयांशांहून अधिक आहे. ग्लासगो येथे २०२१ साली भारताने कोळसा 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करण्याचा आग्रह धरला आणि २०७० चे निव्वळ शून्याचे उद्दिष्ट जाहीर केले. म्हणजे संक्रमण दीर्घ असले तरी अटळ आहे. खाण बंद होते तेव्हा कायम कामगाराची बदली होऊ शकते; कंत्राटी कामगाराचे, ट्रकवरच्या हमालाचे नाव कोणत्याही हजेरीपटावर उरत नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावाचे काय झाले, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

म्हणून आमच्या मागण्या तीन. कोळशावरील कराचा निश्चित हिस्सा कायद्याने कोळसा-जिल्ह्यांच्या पुनर्रचनेसाठी राखून ठेवावा. २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा खर्च ग्रामसभांच्या संमतीने व्हावा. आणि कंत्राटी कामगारांची नावनिशीवार नोंद आजच, खाण चालू असतानाच, करण्यात यावी.

२०२५ च्या नोव्हेंबरात बेलेम येथील परिषदेने न्याय्य संक्रमणासाठी आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभारण्याचे ठरविले आहे. ती उभी राहीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड येथील कार्यकर्त्यांनी तिसऱ्या मागणीचे काम स्वतःच हाती घ्यावे. सरकार ज्यांची मोजदाद करीत नाही, त्यांची यादी प्रथम आपण तयार करू. ती हाती असली म्हणजे उरलेल्या दोन मागण्यांसाठी लढणे सोपे जाईल.