चौथ्या वर्षाला गुण कशाचे देणार?

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांस



राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ साली प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये पदवीच्या चौथ्या वर्षाला पोहोचते. संलग्नित महाविद्यालयांनी हे धोरण वर्षभराने लागू केले, त्यामुळे त्यांची मुले २०२७-२८ मध्ये तिथे येतील. कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या आपल्या नेहमीच्या महाविद्यालयांनी संशोधनासह ऑनर्स ही गोष्ट आजवर राबवलेली नाही. आराखडा कागदावर आला आहे. तो वर्गात, प्रयोगशाळेत आणि शिवारात कसा उतरायचा, हे मात्र आपली अभ्यास मंडळे, विद्या परिषद आणि आपल्याकडून निघणारी परिपत्रके ठरवणार आहेत. ते ठरण्याआधी माझे म्हणणे आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात भूगोल शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या एसटीने परत जातात. त्यांच्यापैकी काहींनी चौथ्या वर्षाला थांबावे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ते वर्ष कसे असेल याची काळजी वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये काढलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. संशोधन प्रकल्पाला किंवा प्रबंधिकेला १२ श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने ते ३६० तास होतात. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाले, तर पीएच.डी.च्या प्रवेशाचे दारही त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी उघडले आहे. म्हणजे एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला आपण सांगतो आहोत की वर्षभर एका प्रश्नाचा पाठपुरावा कर, तू पुढे संशोधक होऊ शकतेस. हे आश्वासन फार मोठे आहे. ते पाळायचे, तर आपल्याकडे ‘प्रोजेक्ट’ या नावाखाली आज काय चालते, ते आधी पाहावे लागेल.

पर्यावरण विषयाचा प्रकल्प आठवा. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो केला आहे. आमच्याच नव्हे, बहुतेक महाविद्यालयांच्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो. नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा, स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचे, शेवटच्या तारखेला जमा करायचे. आता तर दुकानात जाण्याचीही गरज उरलेली नाही, चॅटजीपीटी दहा मिनिटांत प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके आणि निष्कर्ष लिहून देते. यात मुलांना दोष देणे मला पटत नाही. एका शिक्षकाकडे शंभर-दीडशे प्रकल्प तपासायला येतात, तेव्हा तो पाने मोजतो आणि सही करतो. मुलांना हे दुसऱ्या वर्षीच कळते. नव्या रचनेतले फील्ड प्रोजेक्टही काही ठिकाणी याच वाटेने चालले आहेत. चौथे वर्ष त्या वाटेला लागले, तर संशोधनाच्या नावाखाली मुलांचे एक आख्खे वर्ष वाया जाईल आणि त्यांच्या हाती पदवीचे मोठे नाव तेवढे राहील.

याउलट काय होऊ शकते, तेही मी पाहिले आहे. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायला घेतली. विषय साधाच होता, ‘गावाच्या भूजल पातळीतील बदल’. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधायचे, प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करायची आणि दर वेळी तिथूनच पट्टी सोडायची. शेतीची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. म्हणून मोटार चालू होण्याआधी मोजणी झाली पाहिजे, हे तिने स्वतः ठरवले. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, मोटार किती तासांपूर्वी बंद झाली. शेवटचा रकाना मी सुचवलेला नव्हता.

जानेवारीत एका विहिरीचे पाणी मीटरभराहून जास्त वर आले. पाऊस नाही, ढगही नाहीत. बाकी विहिरी खाली जात होत्या. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, ही नोंद चुकली असणार. खोडून मागच्या आठवड्याचाच आकडा लिहू का?” मी म्हटले, आकडा खोडायचा नाही, विहिरीच्या मालकाला जाऊन विचार. मालक म्हणाला, “कालव्याला पाणी सुटलं की माझ्या विहिरीला पाझर येतो, आमच्या वडिलांच्या वेळेपासून येतो.” मग ती कालव्याच्या कडेने चालत गेली, कोणत्या विहिरी कालव्याच्या खालच्या अंगाला आहेत आणि कोणत्या वरच्या, याचा नकाशा तिने काढला. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरातून कसे सरकते, हे मी वर्गात शिकवले होते. ते तिला खरे त्या दिवशी कळले. तिचा विषयच बदलला. आता तिला जाणून घ्यायचे होते की कालव्याचे आवर्तन नेमक्या किती अंतरापर्यंतच्या विहिरींना पोहोचते आणि किती दिवसांनी.

परीक्षेच्या दृष्टीने तिचा प्रकल्प अर्धवट राहिला, कारण वेळ संपली. माझ्या मते संशोधनाचे शिक्षण तिला पूर्ण मिळाले होते. त्या खोडू पाहिलेल्या आकड्यापासून नकाशापर्यंतचा तिचा प्रवास आपल्या सध्याच्या गुणपत्रिकेत कुठेच बसत नाही. आपल्या गुणपत्रिकेत प्रस्तावनेला, संदर्भसूचीला, मांडणीला आणि सादरीकरणाला गुण असतात. ज्या वहीत तारखेनिशी कच्च्या नोंदी आहेत, पावसाचे डाग आहेत, चुकलेले प्रयोग आहेत, तिला गुण नसतात.

तेव्हा कुलगुरू महोदय, माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही आहे की चौथ्या वर्षाच्या मूल्यमापनात मोठा वाटा या नोंदवहीला द्या. विज्ञानाच्या मुलांची प्रयोगवही, भूगोलाची क्षेत्रनोंदवही, इतिहासाच्या मुलांची टिपणवही, अर्थशास्त्राच्या मुलांच्या भरलेल्या प्रश्नावल्या. मार्गदर्शकाने दर पंधरवड्याला त्यावर तारखेनिशी सही करावी. तोंडी परीक्षेत परीक्षकाने छापील प्रबंधिका बाजूला ठेवून वहीतले कोणतेही पान उघडावे आणि त्या दिवशी काय झाले ते विचारावे. ज्याने काम केले आहे, तो त्या पानावर बोलत राहील. ज्याने केलेले नाही, त्याला चॅटजीपीटी तिथे वाचवू शकणार नाही. आणि अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही, तरी गुण कमी होणार नाहीत, हे नियमातच स्पष्ट लिहा. ते लिहिलेले नसेल, तर मुले आकडे खोडतील.

याच्याच जोडीला एक धोका आत्ताच टाळायला हवा. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने शोधनिबंध छापून आणलाच पाहिजे, अशी अट कुणी घालू नये. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा त्रास आपण पुरेसा भोगला आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने स्वतःच नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली. ती पदवीच्या मुलांच्या माथी मारण्याचे काहीच कारण नाही. बोलून दाखवण्याची हौस असलेल्या मुलांसाठी विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा आहे. आमच्याकडची कितीतरी मुले तिथे आपल्या पोस्टरसमोर उभी राहून पहिल्यांदा धीटपणे बोलायला शिकली. पण स्पर्धेची तयारी दोन-तीन महिन्यांची असते आणि नजर पारितोषिकावर असते. वर्षभराच्या कामाला ती पर्याय होत नाही.

आता शिक्षकांविषयी. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे आहे. सहा विद्यार्थ्यांच्या वह्या दर पंधरवड्याला वाचणे, त्यांच्याबरोबर शिवारात किंवा दप्तरखान्यात जाणे, चुकलेले काम पुन्हा करायला लावणे हे त्या १६ तासांत धरले जाणार नसेल, तर कोणताही प्रामाणिक शिक्षक ते वर्षानुवर्षे करू शकणार नाही. मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरा. पीएच.डी.साठी सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त चार विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ अशी मर्यादा आहे. तशीच चौथ्या वर्षासाठीही घाला आणि ती पाळली जाते का ते पाहा.

पण ज्या विभागात नियमित शिक्षकच उरलेला नाही, तिथे काय? एकच कायम प्राध्यापक आणि बाकी सगळे तासिका तत्त्वावर, असे विभाग ग्रामीण महाराष्ट्रात जागोजागी आहेत. भरती हा शासनाचा विषय आहे हे मला ठाऊक आहे, तरी विद्यापीठांनी तो शासनापुढे पुन्हा पुन्हा मांडला पाहिजे. तासिका तत्त्वावरच्या माझ्या सहकाऱ्यांमध्ये नेट-सेट झालेले, पीएच.डी. मिळवलेले उत्तम अभ्यासक आहेत. तासाचे पैसे त्यांना मिळतात, विद्यार्थ्याबरोबर शेतात घालवलेल्या दिवसाचे मिळत नाहीत. मार्गदर्शक मिळत नाही म्हणून संशोधनाचा मार्ग फक्त पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या महाविद्यालयांत सुरू राहिला, तर तालुक्याची मुले तीन वर्षांनी बाहेर पडतील. मुलींच्या बाबतीत तर ते नक्कीच होईल. चौथे वर्ष म्हणजे घरी एक वर्ष जास्त मागून घेणे. ते मिळते, पण महाविद्यालय गावाजवळ असले तर. शहरात खोली करून राहायची परवानगी त्याच घरातून मिळत नाही.

यावर उपाय अवघड नाही. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयात राहील, पहिला मार्गदर्शक तिथला असेल आणि दुसरा मार्गदर्शक शेजारच्या महाविद्यालयातला किंवा विद्यापीठाच्या विभागातला असेल, अशी जोडी विद्यापीठाने लावून द्यावी. महिन्यातून एकदा मुले विद्यापीठात येतील. मुलींना आता एसटीत अर्धे तिकीट आहे, तेवढा प्रवास झेपतो. पुण्याच्या आयसरमध्ये किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदवीची मुले शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत राहून जे करतात, त्याची बरोबरी आम्ही लगेच करू, असे मी म्हणत नाही. आमच्याकडे त्या सोयी नाहीत. मात्र आमच्या मुलांच्या दाराशी विहिरी आहेत, बाजार समित्या आहेत, ऊसतोडीच्या टोळ्या आहेत, मोडीतली घरगुती कागदपत्रे आहेत. हा अभ्यास तिथे राहणाऱ्या मुलांइतका चांगला दुसरे कोण करणार?

वाचनाचा प्रश्नही त्यातलाच आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांना खुली झाली. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालये मात्र खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. या मुलांना चौथ्या वर्षापुरता विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा वाचनाधिकार द्या, प्रत्यक्षही आणि ऑनलाइनही. आणि प्रबंधिका मराठीत लिहायची मोकळीक प्रत्येक विषयात द्या, परीक्षकही मराठी वाचणारा नेमा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करणाऱ्या राजवाड्यांनी आयुष्यभराचे संशोधन मराठीत केले. इंग्रजीत लिहिण्याच्या धास्तीपोटी मुले इकडून-तिकडून उतरवून काढतात, हे मी दर वर्षी पाहते.

७५ टक्क्यांच्या अटीविषयीही लिहिते, कारण तिथे माझे आयोगाच्या आराखड्याशी जमत नाही. ती विहिरी मोजणारी मुलगी ६८ टक्क्यांवर आहे. सकाळी घरची धार काढून येते, परीक्षेतली लांबलचक उत्तरे तिला जमत नाहीत. संशोधनासाठी लागणारा चिवटपणा आणि सहा सत्रांची टक्केवारी यांचा संबंध मला माझ्या वर्गात तरी दिसलेला नाही. अट आयोगाची आहे, तेव्हा ती बदलावी असा ठराव आपल्या विद्या परिषदांनी आयोगाकडे पाठवावा. तोवर अट पूर्ण न करणाऱ्या मुलांना साध्या ऑनर्समध्ये प्रकल्पाऐवजी घ्यावयाच्या विषयांपैकी निदान एक विषय तरी क्षेत्रकामाचा ठेवता येईल. ते अभ्यास मंडळाच्या हातातले आहे.

शेवटची विनंती अगदी छोटी आहे. त्या मुलीला कालव्याच्या आवर्तनाच्या तारखा हव्या होत्या. एका सरकारी कार्यालयात ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा “तुम्ही कोण, कशासाठी पाहिजे” यापुढे बोलणे सरकले नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तहसीलमध्ये पीकपेऱ्याच्या नोंदी असतात, बाजार समितीत आवकेच्या. या माहितीवाचून आमच्या भागात संशोधन होणार नाही. प्रत्येक चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे ओळखपत्र आणि विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी माहिती मागणारे एक पत्र द्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून त्या-त्या कार्यालयांना तसे कळवून घ्या. पत्राचा मसुदा मी करून ठेवला आहे. आपण कळवलेत, तर लगेच पाठवते.

आपली विश्वासू,
भूगोलाची एक प्राध्यापिका