चौसष्ट मैलांचं कडबोळं

रिंगरोड झाला की ट्रॅफिक सुटतं, हे वाक्य मला यापुढे कोणी ऐकवू नये. नात्यातल्यांनी तर नाहीच नाही. पुण्याला फोन केला की तब्येतपाण्याच्या चौकशा झाल्यावर गाडी हमखास तिथे येते. "तुमच्याकडे बरंय गं, शहराभोवती आठपदरी रस्ता. आमचा एकदा झाला ना, की बघ!" काका, मी बघतेय. गेली अठरा वर्षं बघतेय, आणि तेही बहुतेक वेळा उभ्या गाडीतून. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

वॉशिंग्टनभोवतीचा हा कॅपिटल बेल्टवे, म्हणजे आय-४९५. लांबी ६४ मैल (१०३ किलोमीटर). त्यातले ४२ मैल मेरीलँडात, २२ व्हर्जिनियात. पोटोमॅक नदी तो दोनदा ओलांडतो, वर अमेरिकन लीजन पुलावरून आणि खाली वुड्रो विल्सन पुलावरून. गंमत म्हणजे ज्या राजधानीच्या नावाने तो ओळखला जातो तिच्या हद्दीत तो जेमतेम काहीशे फूट शिरतो, तेही खालच्या पुलावर, पाण्याच्या वर. गोल रस्त्याला उत्तर-दक्षिण कसं सांगणार, म्हणून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारा 'इनर लूप' आणि उलटा जाणारा 'आउटर लूप'. आपल्याकडे प्रदक्षिणा एकाच बाजूने घालतात, इथे दोन्ही बाजूंनी चालते. पुण्य कुठल्याच बाजूला नाही.

हा रस्ता १७ ऑगस्ट १९६४ ला पूर्ण झाला. कल्पना साधी होती. लांबच्या गाड्यांनी शहरात न शिरता बाहेरून निघून जावं. बायपास! पण रस्ता आला की नुसता रस्ता येत नाही. टायसन्सचंच बघा. १९५० च्या दशकात तिथे शेतं होती आणि दोन रस्त्यांचा एक चौक. बेल्टवे झाल्यावर चारच वर्षांत, १९६८ मध्ये, तिथे मॉल उघडला. मग ऑफिसं आली, मग आणखी ऑफिसं, आणि आज ते एक शहरच आहे. माझंही ऑफिस तिथेच. म्हणजे शहर टाळायला बांधलेल्या रस्त्याने स्वतःच्या काठावर नवीन शहर वसवलं, आणि त्या शहरात जायला तोच रस्ता!

वर आणखी एक घोळ. मेनपासून फ्लोरिडापर्यंत जाणारा आय-९५ हा महामार्ग मुळात वॉशिंग्टनच्या पोटातून जायचा होता. तिथल्या वस्त्यांनी, विशेषतः ज्यांची घरं पडणार होती त्या कृष्णवर्णीय वस्त्यांनी, कडाडून विरोध केला आणि शेवटी १९७७ मध्ये ते प्रकरण मिटलं. शहरातला रस्ता रद्द झाला आणि ते पैसे मेट्रोकडे वळले. फार चांगलं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आय-९५ ला कुठून तरी जायलाच हवं होतं, म्हणून बेल्टवेच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर तो नंबर चिकटवला. आता तिथे न्यूयॉर्कहून फ्लोरिडाला निघालेला ट्रक आणि दुधाची पिशवी आणायला निघालेली मी, दोघंही एकाच लेनमध्ये.

विल्सन पुलाची कथा तर प्रत्येक रिंगरोडवाल्याने पाठ करावी. १९६१ च्या डिसेंबरात हा पूल सुरू झाला, दिवसाला ७५,००० गाड्या धरून. चाळीस वर्षांत आकडा दोन लाखांच्या घरात पोचला. त्यातून तो मधोमध उघडणारा पूल, खालून जहाज आलं की वरचा महामार्ग बंद. अखेर नवा पूल बांधला, त्याचे दोन भाग २००६ आणि २००८ मध्ये खुले झाले, एकूण बारा लेन, सगळ्या प्रकल्पाचा खर्च सुमारे अडीच अब्ज डॉलर. तो करायलाच हवा होता, जुना पूल खरोखरच झिजला होता. पण त्या बारा लेन बघून ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला त्यांना पुढच्या निमुळत्या भागात तो परत घ्यावा लागला.

यात गूढ काही नाही. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं की महामार्गाची लांबी-रुंदी जेवढ्या प्रमाणात वाढते, जवळपास तेवढ्याच प्रमाणात त्यावरचं गाडी चालवणंही वाढतं. घराला माळा काढला म्हणून अडगळ कमी होते का? माळाही भरतो. ज्या माणसाने गर्दीमुळे लवकर निघायचं ठरवलं होतं तो परत आठ वाजता निघतो, जो लांब घर घ्यायला कचरत होता तो घेतो. यात कोणाचाच दोष नाही, म्हणून तर हे इतकं चिवट आहे.

यावर व्हर्जिनियाने काढलेलं औषध म्हणजे टोलच्या एक्सप्रेस लेन. नोव्हेंबर २०१२ मध्ये १४ मैलांवर सुरू झाल्या. टोल ठरलेला नाही, गर्दी वाढली की दर वाढतो, आणि त्याला वरची मर्यादाही नाही. संध्याकाळी डोक्यावरच्या पाटीवर दोन आकडी डॉलर झळकतात. गर्दीला किंमत लावायची कल्पना मला तत्त्वतः मान्य आहे, बसना तिथे फुकट आणि मोकळी वाट मिळते हेही चांगलंच. पण करार वाचा! गाडीत तिघं किंवा जास्त असतील तर टोल माफ, आणि अशा गाड्यांचं प्रमाण २४ टक्क्यांच्या पुढे गेलं तर राज्याने त्या खासगी कंपनीला भरपाई द्यायची, अशी त्यात तरतूद. म्हणजे लोक शहाण्यासारखे एकत्र जायला लागले तर सरकारला दंड!

आणि या लेन नदीच्या अलीकडेच संपतात. मी टायसन्सहून सिल्व्हर स्प्रिंगला, म्हणजे इनर लूपने घरी येते. अंतर साधारण पंधरा मैल. अमेरिकन लीजन पुलाच्या आधी सगळे एकत्र होतात, पैसे भरलेले आणि न भरलेले. मुलाचं पाळणाघर सहाला बंद व्हायचं, सहा वाजून एका मिनिटापासून मिनिटागणिक दंड. लहानपणी त्याला घड्याळ शिकवावं लागलं नाही. मी किती वाजता येणार हे विचारायचंही त्याने पुढे सोडून दिलं, आणि ते मला दंडापेक्षा जास्त लागलं.

मेट्रोने का नाही गेलीस, असं कोणीतरी विचारणारच. २०१४ पासून टायसन्सला मेट्रो आहे, छान आहे. पण मेट्रोच्या सगळ्या लाइन चाकाच्या आऱ्यांसारख्या, शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या. सिल्व्हर स्प्रिंगहून टायसन्सला जायचं तर आधी रेड लाइनने थेट डाउनटाउन, तिथे गाडी बदलायची आणि सिल्व्हर लाइनने परत बाहेर. वाकड्यात शिरणं म्हणतात ते हे. उपनगरातून उपनगरात जाणाऱ्या माणसासाठी रूळच नाहीत, आणि ट्रॅफिक तर नेमकं तेच आहे.

नाही म्हणायला एक रेल्वे बांधायला घेतली आहे. पर्पल लाइन, बेथेस्डा ते न्यू कॅरोल्टन, १६ मैल, २१ स्टेशनं. मेरीलँडमधल्या मेट्रोच्या आऱ्या एकमेकींना जोडणारी. काम २०१७ मध्ये सुरू झालं. २०२० मध्ये बांधकाम करणारे काम अर्धवट टाकून निघून गेले. २०२५ संपलं तरी त्यावरून एकही प्रवासी गेला नव्हता. याउलट त्याच २०१७ च्या सप्टेंबरात तेव्हाचे गव्हर्नर होगन यांनी बेल्टवेवर टोल लेनची अब्जावधींची योजना जाहीर केली, आणि पुढची काही वर्षं राज्यात चर्चा तिचीच. २०२३ मध्ये तीही कंपनी अंग काढून घेऊन गेली. सहा वर्षं कागद रंगवण्यात गेली.

त्या योजनेमुळे एक गोष्ट मात्र उजेडात आली. अमेरिकन लीजन पुलाजवळ, केबिन जॉनमध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेली गिब्सन ग्रोव्ह नावाची वस्ती होती. १९६० च्या दशकात बेल्टवे तिच्या मधून गेला. चर्च एका बाजूला, मोझेस हॉल आणि त्याची दफनभूमी दुसऱ्या बाजूला. रुंदीकरणाच्या आराखड्यात त्या थडग्यांच्या जागेलाही धक्का लागत होता. वंशजांनी आवाज उठवल्यावर आराखडा बदलला. मी त्या जागेवरून हजारो वेळा गेले असेन. रस्त्यावरून तिथे काही आहे असं कळतसुद्धा नाही, इतकं सफाईदार काम आहे.

आता पुण्याकडे वळते, कारण ज्यांच्यासाठी लिहितेय ते तिथे आहेत. मंडळी, तुमच्याकडे हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. कात्रज-देहूरोड बायपास! नाव अजून बायपास, आणि वारजे, बावधन, बाणेर, वाकड आता त्याच्या दोन्ही काठांना. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला स्फोटाने पाडला, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलाचं उद्घाटन झालं. एका चौकाला एवढा खटाटोप! नवले पुलाच्या उताराबद्दल मी लिहायला नको, तिथल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही माझ्याआधी वाचता.

त्याच्याही बाहेरून आता ११० मीटर रुंदीचा रिंगरोड. नको असं मी म्हणत नाही, सोलापूरच्या ट्रकने पुण्याच्या पोटातून का जावं? पण तो बायपास राहायचा असेल तर त्याच्या काठावर काय बांधता येणार नाही हे डांबर पडण्याआधी ठरायला हवं, नंतर नाही. व्हर्जिनियाने टायसन्सबद्दल ते ठरवलं नाही. आणि त्या रुंदीत बससाठी वेगळी लेन किती, हे आजच विचारायला हवं, कारण उद्या ती मागितली की सगळे मोटारवाले अंगावर येतील. काका, तुमच्या गावात मोजणी झाली आहे, नकाशा ग्रामपंचायतीत बघायला मिळेल. त्यात तुमचा गट नंबर शोधून झाला की इंटरचेंज कुठे दाखवलेत तेही बघा. आणि मग त्यांच्या आजूबाजूचे सातबारे गेल्या पाच-सात वर्षांत कोणाच्या नावावर झाले, ते काढा.