सदतिसाव्या वर्षी पुन्हा पहिली पायरी

"आपा, आता या वयात?"

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न फिरून फिरून येतो. कुणाचं बी.ए.चं दुसरं वर्ष लग्नामुळे राहून गेलेलं असतं, कुणाचं शिवणकाम मुलं झाल्यावर बंद पडलेलं असतं. मुलं मोठी होतात, हात थोडे मोकळे होतात आणि जुनी इच्छा डोकं वर काढते. तिच्या पाठोपाठ हा प्रश्नही येतो. मी दर वेळी काही ना काही समजूत घालते. या वेळी मात्र एका बाईची खरी हकीकत सांगते.

नोव्हेंबर २०१२. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रॉयल इंडियन ओपन या महिला टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूला युक्रेनची एलिना स्वितोलिना, वय १८. दुसऱ्या बाजूला जपानची एक खेळाडू, वय ४२. म्हणजे समोरची मुलगी तिच्या लेकीच्या वयाची. त्या जपानी बाईचं नाव किमिको दाते. आडनाव ऐकून ती पुण्याचीच वाटावी, पण 'दाते' हे जपानमधलंही जुनं आडनाव आहे. ती तो सामना २-६, ३-६ असा हरली. आश्चर्य तिच्या हरण्याचं नाही. आश्चर्य हे की सोळा वर्षांपूर्वीच तिने टेनिसला रामराम ठोकला होता!

किमिकोचा जन्म १९७० साली क्योटो शहरात झाला. मूळची ती डावखुरी. पण आपल्याकडे जसं डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाला घरचे टोकतात, तशीच रीत त्या काळी जपानमध्येही होती. ती सगळं उजव्या हाताने करायला शिकली, टेनिसही उजव्याच हाताने खेळली. उंची पाच फूट चार इंच. युरोप-अमेरिकेतल्या धिप्पाड खेळाडूंपुढे ताकदीने तिचा निभाव लागणं कठीण. म्हणून तिने वेगळी वाट काढली. टप्पा पडून चेंडू वर येतो न येतो तोच ती पुढे सरकून तो मारायची. समोरचीच्या फटक्यातला जोर तिलाच परत जायचा आणि तिला सावरायला वेळ मिळायचा नाही.

१९८९ साली ती व्यावसायिक खेळाडू झाली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियन, १९९५ मध्ये फ्रेंच आणि १९९६ मध्ये विम्बल्डन, अशा तीन मोठ्या स्पर्धांत तिने उपांत्य फेरी गाठली. १९९५ मध्ये जागतिक क्रमवारीत चौथा क्रमांक मिळवला. पहिल्या दहात जाणारी ती जपानची पहिली महिला.

त्या काळी टेनिसवर जर्मनीच्या स्टेफी ग्राफचं राज्य होतं. एप्रिल १९९६ मध्ये टोकियोच्या आरिआके स्टेडियममध्ये जपान आणि जर्मनी यांचे संघ भिडले. किमिकोचा पाय दुखावलेला होता, त्यावर पट्ट्या बांधून ती उतरली. तीन तासांहून जास्त चाललेल्या त्या सामन्यात तिने ग्राफला ७-६, ३-६, १२-१० असं हरवलं. जपानने ती लढतही जिंकली. पुढे जुलैमध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पुन्हा त्या दोघीच समोरासमोर आल्या. पहिला सेट ग्राफने घेतला. दुसऱ्यात किमिको ०-२ अशी मागे होती. तिथून तिने सलग सहा गेम जिंकून सेट खिशात घातला. नेमका तेव्हाच अंधार पडला आणि खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ग्राफने तिसरा सेट ६-३ असा जिंकला आणि पुढे ती विजेतीही झाली.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किमिकोने निवृत्ती घेतली. वय फक्त २६.

लोक चक्रावले. फळं हाती येऊ लागली असताना झाड का सोडायचं? पण आतली गोष्ट बाहेरच्यांना दिसत नसते. वर्षातले कितीतरी महिने परक्या देशांत, परक्या अन्नावर काढायचे. प्रत्येक सामन्यात साऱ्या देशाच्या अपेक्षा डोक्यावर, मागेपुढे पत्रकारांचा ताफा. ज्या खेळावर जीव जडला होता, तोच तिला नकोसा झाला. थकलेल्या माणसाने थांबणं हा पळपुटेपणा नव्हे, हेही आपण तिच्याकडून शिकावं.

मधली वर्षं तिने कुढत काढली नाहीत. लहान मुलांना टेनिस शिकवलं, दूरदर्शनवर सामन्यांचं समालोचन केलं. २००१ मध्ये जर्मन मोटार-शर्यतपटू मिखाएल क्रुम याच्याशी तिचं लग्न झालं. २००४ मध्ये ती लंडन मॅरेथॉन धावली, तेही साडेतीन तासांच्या आत. खेळापासून दूर राहिली तरी शरीराला तिने गंज चढू दिला नाही.

२००८ च्या सुरुवातीला टोकियोत एक प्रदर्शनीय सामना ठरला. ग्राफ आणि मार्टिना नवरातिलोवा येणार होत्या. त्यासाठी किमिकोने पुन्हा कसून सराव सुरू केला आणि सराव करता करता जुनी गोडी परत आली. नवऱ्याने तिला थोपवलं नाही, उलट 'खेळ' म्हणून पाठीशी उभा राहिला. त्या एप्रिलमध्ये तिने पुनरागमन जाहीर केलं. वय ३७.

आता नीट लक्ष द्या. एके काळी जगात चौथी असलेल्या या बाईला आता क्रमवारीत जागाच नव्हती. तिने कुणाकडे जुन्या नावावर मोठ्या स्पर्धेचा दरवाजा उघडा असं म्हटलं नाही. गिफू शहरातली एक छोटी स्पर्धा तिने निवडली, तीही पात्रता फेरीपासून. म्हणजे मुख्य स्पर्धेत घ्यावं की नाही हे ठरवणाऱ्या सामन्यांपासून. तिथून ती एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. दुहेरीत कुरुमी नारा या सोळा वर्षांच्या मुलीला जोडीला घेऊन स्पर्धा जिंकली.

पुढचा वर्षभराचा काळ सोपा नव्हता. तरुण मुली तिच्यापेक्षा जोरात मारत होत्या, हार पुष्कळदा वाट्याला येत होती. पण सप्टेंबर २००९ मध्ये सोलची स्पर्धा तिने जिंकली. अंतिम सामन्यात स्पेनच्या अनाबेल मेदिना गारिगेसला ६-३, ६-३ असं हरवलं. दुसऱ्या दिवशी तिचा ३९ वा वाढदिवस होता. त्याआधीचं विजेतेपद १३ वर्षांपूर्वीचं! एकेरीचं विजेतेपद मिळवणाऱ्या सर्वांत वयस्क महिलांत तेव्हा तिच्यापुढे एकच नाव होतं, अमेरिकेच्या बिली जीन किंगचं.

२०१० मध्ये चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिने टोकियोत मारिया शारापोव्हाला हरवलं. २०११ मध्ये विम्बल्डनला पाच वेळची विजेती व्हीनस विल्यम्स समोर होती. पहिला सेट किमिकोने घेतला. जवळजवळ तीन तासांनी तिसरा सेट ६-८ असा गेला. ती हरली, पण जिंकणाऱ्या व्हीनसलाच घाम फुटला होता. आणि पुण्यातल्या त्या पराभवानंतर दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिने बाराव्या मानांकित नादिया पेत्रोव्हाला ६-२, ६-० असं धूळ चारलं. ४२ व्या वर्षी त्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी ती सर्वांत वयस्क महिला ठरली. बालेवाडीतली हार मनाला लावून ती घरी बसली असती, तर?

शेवट मात्र कहाण्यांतल्यासारखा गोड नाही, तोही सांगते. २०१६ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्याच वर्षी संसारही तुटला, ती आणि मिखाएल वेगळे झाले. तरी २०१७ मध्ये ती पुन्हा गिफूच्या त्याच छोट्या स्पर्धेत उतरली. पण शरीर साथ देईना. त्या सप्टेंबरमध्ये आरिआकेलाच, जिथे एकेकाळी ग्राफला नमवलं होतं, ती शेवटचा सामना खेळली. सर्बियाच्या अलेक्सांद्रा क्रुनिचने तिला ६-०, ६-० असं हरवलं. एकही गेम मिळाला नाही. वय ४६.

आठ एकेरी विजेतेपदांपैकी सात पहिल्या डावातली, दुसऱ्या डावातलं एकच. हिशेब मांडणारे म्हणतील, नऊ वर्षं झिजून एक विजेतेपद, काय मिळवलं? मला वाटतं, पहिल्या डावात जे हरवलं होतं ते तिने मिळवलं, खेळण्यातला आनंद. तो असला की छोट्या मैदानाची लाज वाटत नाही आणि लेकीच्या वयाच्या मुलीकडून हरल्याचाही कमीपणा वाटत नाही.

तेव्हा भगिनींनो, राहिलेलं शिक्षण पुन्हा सुरू कराल तेव्हा वर्गात बहुतेक सगळ्या मुली तुमच्याहून लहान असतील. शिलाई यंत्र पुन्हा चालवाल तेव्हा पहिले दोन ब्लाऊज बिघडतीलही. बिघडू देत. आणि घरातल्या भावांना, नवऱ्यांना, मुलांना एक विनंती. अम्मी फॉर्म भरायला निघाली, तर "आता कशाला?" असं म्हणू नका. तिच्याबरोबर जाऊन रांगेत उभे राहा.